आरएक्स, आरडी आणि जुन्या जपानी टू-स्ट्रोक गाड्या: बेळगाव भागातल्या हौशी लोकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या सगळ्या पट्ट्यात यामाहाची जुनी मोटरसायकल, आरएक्स १०० नाहीतर आरडी ३५०, परत उभी करायची हौस आता चांगलीच पसरलीय, आणि रोज कुणी ना कुणी मेसेज टाकून तेच तेच विचारतंय. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवायलोय. या गाड्यांवर माझा जीव आहे त्यामुळं काही ठिकाणी लांबण लागेल, वेळ काढून वाचा, विशेषतः कागदपत्रं आणि इंजिनचा भाग.

नेमक्या कुठल्या गाड्यांबद्दल बोलायलोय आपण?

ऐंशी-नव्वदच्या दशकांत जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून आपल्याकडं ज्या टू-स्ट्रोक गाड्या आल्या त्या. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये काढलेली राजदूत यामाहा आरडी ३५०, मग १९८५ च्या शेवटी आलेली आणि १९९६ ला बंद झालेली आरएक्स १००, तिच्यानंतरची आरएक्स १३५, टीव्हीएसवाल्यांची इंड-सुझुकी एएक्स १००, सामुराई, शोगन, आणि बजाजची कावासाकी केबी १००. हिरो होंडा सीडी १०० पण जपानीच की, पण ती फोर-स्ट्रोक, तिच्यासारखी मायलेजची गाडी त्या काळात नव्हती, तरी या हौसेत लोक तिच्या मागं फारसे लागत नाहीत. येझदी-जावा इथं धरलेल्या नाहीत, त्या मूळच्या चेक आणि आपल्या म्हैसूरला बनलेल्या, त्यांचं इंजिन वेगळं, मेस्त्री वेगळे.

जपानी स्पोर्ट्स कारचं काय? स्कायलाईन, डॅटसन वगैरे आणता येत नाहीत का?

हा प्रश्न गेम खेळून आलेली पोरं हटकून विचारतात. टोयोटा २००० जीटी ही १९६७ ते १९७० मध्ये फक्त ३५१ बनली, ती आज जगातल्या सगळ्यात महागड्या जपानी गाड्यांत मोडते. डॅटसन २४० झेड १९६९ ची, पहिली स्कायलाईन जीटी-आर पण १९६९ ची. अमेरिकेत २५ वर्षं जुनी झालेली गाडी नियमांत सूट घेऊन आणता येते, म्हणून तिकडं एकेका मॉडेलला २५ वर्षं भरली की भाव वर जातो. आपल्याकडं २५ वर्षांची तसली वाट नाही, ५० वर्षांवरच्या विंटेज सोडल्या तर वापरलेली गाडी आणायची म्हणजे साधारण तीन वर्षांच्या आतली पाहिजे आणि वर कस्टम ड्युटी एवढी की विषयच संपला. चारचाकीच पाहिजे असेल तर इथं विकल्या गेलेल्यातली शोधा, १०६ बीएचपीची पहिली होंडा सिटी व्हीटेक किंवा जुनी मित्सुबिशी लान्सर. पण लान्सरचे पार्ट शोधायची तयारी ठेवा. बेळगावात राहून, पगारात बसवून जपानी जुन्या मशीनचा खरा आनंद घ्यायचा तर दुचाकीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली गाडी म्हणून आरएक्स घेऊ का आरडी?

आरएक्स. डोळे झाकून आरएक्स. ९८ सीसी, एकच सिलिंडर, ११ बीएचपी आणि गाडीचं वजन शंभरेक किलो, म्हणून तो पिकअप येतो जो आजच्या दीडशे सीसीत पण सापडत नाही. इंजिन साधं आहे, बोअर (सिलिंडरची रुंदी) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) पण ५०, गावोगावी तिच्यावर हात बसलेले मेस्त्री आहेत, पार्ट मिळतात.

आरडी म्हणजे वेगळंच प्रकरण. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, सहा गिअर. जपानमधल्या मूळ आरडीला ३९ बीएचपी होती, आपल्याकडं आणताना पेट्रोल वाचावं म्हणून पोर्ट (सिलिंडरमधली मिश्रण-धुराची भोकं) आणि सायलेन्सर आवळले. पहिली हाय टॉर्क ३०.५ बीएचपीची आणि नंतरची लो टॉर्क २७ ची. पुढचा डिस्क ब्रेक पण काढून ड्रम दिला. मायलेज विसरायचं. इग्निशन (ठिणगी पाडायची यंत्रणा) प्लॅटिन पॉइंटचं, दोन सिलिंडरला दोन सेट, दोन्हींचं टायमिंग वेगवेगळं लावायचं, दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे उघडायला पाहिजेत, यातलं एक जरी चुकलं तर एक पिस्टन ओढतंय आणि दुसरं नुसतं धूर काढतंय अशी गत होते. एक आरएक्स पूर्ण स्वतःच्या देखरेखीखाली उभी केल्यावर आरडीकडं वळा.

गाडी शोधायची कुठं?

हे आपल्या जिल्ह्यापुरतं सांगतो कारण इथं पाऊसपाण्याचा फरक लई आहे. पश्चिमेकडं खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा भाग म्हणजे धो-धो पाऊस. तिथल्या गाडीची टाकी आतनं, चेसीचा खालचा पाईप, स्विंगआर्म आणि स्पोक हमखास गंजलेले. पूर्वेकडं गोकाक, अथणी, रायबाग कोरडा भाग, तिथल्या गाडीचा पत्रा तीस-पस्तीस वर्षांनी पण टणटणीत सापडतो. पण त्या बाजूला धूळ, आणि एअर फिल्टर फाटका ठेवून शेताच्या रस्त्यानं चालवलेल्या गाडीचं रिंग-पिस्टन पार घासलेलं असतं. आता पिस्टन बदलता येतं, बोअर करता येतो (म्हणजे सिलिंडर आतनं घासून थोडा मोठा करता येतो), सडलेली चेसी मात्र कुणी नीट करून देत नाही. म्हणून मी कायम पूर्वेकडची गाडी घ्या म्हणतो. अथणीकडचा म्हातारा मालक "गाडी चलो ऐत्री" (गाडी चांगली आहे) म्हणतो तेव्हा इंजिनाबद्दल विश्वास ठेवू नका, पत्र्याबद्दल बहुतेक वेळा ठेवू शकता.

दुसरी चांगली जागा म्हणजे फौजी माणसांची घरं. आपल्या भागात गावोगावी रिटायर फौजी आहेत, त्यांनी गाडी शिस्तीत ठेवलेली असते, सर्व्हिसची वही पण सापडते. फक्त नंबर परराज्यातला असू शकतो, त्याचं पुढं लिहिलंय.

ऑनलाईन जाहिरातीत मात्र "मी आर्मीत आहे, बदली झाली, गाडी ट्रान्सपोर्टनं पाठवतो, आधी थोडे पैसे टाका" असा मेसेज आला की तिथंच थांबा. ही फसवणूक देशभर चालते आणि बेळगाव मिलिटरीचं गाव असल्यामुळं आपल्या लोकांना ती खरी वाटते. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि हात लावल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

नंबर. रंग नाही, आवाज नाही, नंबर. रॉकेलचा बोळा आणि बारीक टॉर्च सोबत न्या. आरएक्सचा चेसी नंबर हँडलच्या मानेवर पंच केलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. बोळ्यानं पुसा, टॉर्च समोरून न मारता बाजूनं आडवी मारा, म्हणजे प्रत्येक आकड्याची खोली आणि सावली दिसते. मूळ पंचिंगचे आकडे एका रांगेत, एका खोलीचे असतात. एखादा आकडा जास्त खोल, एखादा तिरका, किंवा नंबरच्या भोवतीची जागा ग्राइंडर फिरवल्यासारखी गुळगुळीत दिसली तर चहा पिऊन घरी यायचं. मग आरसीवरचा एकेक आकडा मिळवून बघा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर तशी नोंद नसेल तर ते पण अडचणीचंच.

त्यानंतर गाडी थंड असताना चालू करायला सांगा. तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर समजून जा. सायलेन्सरला हात लावून बघा, कळतंय. थंड इंजिन दोन-तीन किकमध्ये चालू झालं पाहिजे, सुरुवातीला पांढरट-निळसर धूर येणारच, टू-स्ट्रोक आहे, पण गरम झाल्यावर पण दाट धूर आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी असेल तर क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) क्लचकडचं रबरी सील गेलंय, गाडी गिअर ऑइल पिऊन जाळायलीय. आणि अॅक्सिलेटर सोडला तरी इंजिन आपोआप वर चढत असेल, खाली बसायला वेळ लावत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या, मॅग्नेटकडच्या सीलमधनं हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. ती गाडी तशीच ताणली तर पिस्टन जाम होणार.

कागद नाहीत पण गाडी एकदम स्वस्त मिळायलीय, घेऊ का?

नको. कागद नसलेली गाडी म्हणजे पार्टांचा ढीग, त्याच भावानं घ्यायची असेल तर घ्या आणि रस्त्यावर आणायची स्वप्नं बघू नका. "नंतर करून देतो" म्हणणारा नंतर फोन उचलत नाही.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. काय करायचं?

हे आपल्याकडं खूप घरात आहे. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. गाडी घरातलीच असेल तर पेंट-बिंट काढायच्या आधी हे उरकून घ्या, काका-आत्यांच्या सह्या आज मिळतात, गाडी चकाचक झाल्यावर मिळतीलच असं नाही. दुसऱ्याकडनं असली गाडी घेत असाल तर आधी वारसाच्या नावावर होऊ दे, मग तुमच्या. विकणारा आणि आरसीवरचं नाव वेगळं असेल तर व्यवहार थांबवायचा.

कोल्हापूर किंवा गोवा पासिंगची गाडी घेतली तर?

आपण सीमेवर राहतो, एमएच ०९, एमएच ०७, जीए या गाड्या रोज डोळ्यासमोर असतात आणि बऱ्याच चांगल्या गाड्या कागल, गडहिंग्लज, सावंतवाडी बाजूलाच सापडतात. कायद्यानं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मालक बदलायला फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरला फॉर्म २७, वर कर्नाटकाचा टॅक्स, तो गाडीच्या वयाप्रमाणं कमी होत जातो.

खरी गोम कुठं असते बघा. आरसी बुक जुनं, हातानं लिहिलेलं असतं आणि गाडीची माहिती कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते. मग तिकडच्या आरटीओत आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, ती झाल्याशिवाय एनओसीचा अर्ज पुढं सरकत नाही. म्हणून व्यवहाराच्या आधी परिवहनच्या साईटवर गाडी नंबर टाकून बघा. दिसली तर निम्मं काम झालं. नाही दिसली तर विकणाऱ्याला सांगा, "दादा, एन्ट्री आणि एनओसी तुम्ही काढा, मग उरलेले पैसे घ्या." एनओसी हातात आल्यावर कपाटात ठेवू नका, लगेच इकडं लावा. जुन्या कर्जाचा शिक्का आरसीवर असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) पण त्याच वेळी मागून घ्या, तीस वर्षांपूर्वीची फायनान्स कंपनी आज शोधून सापडत नाही.

पासिंग संपून बरीच वर्षं झाली, परत होतंय का?

होतंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून पासिंग करायचं असतं. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीची फी ३०० ची १००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला ती २००० केली. उशीर झाला तर महिन्याला ३०० चा नियम आहे, म्हणजे दहा वर्षं पडून असलेल्या गाडीचा हिशोब तुम्हीच घाला. यात ग्रीन टॅक्स वेगळा. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीतनं वजा करूनच भाव बोला. गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, चेसी नंबरचा पेन्सिल प्रिंट काढतात, त्यामुळं नंबर स्पष्ट दिसला पाहिजे.

आरडीला विंटेज नंबर मिळतो का?

अजून नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणं ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज धरतात, नव्या नोंदणीला २०,००० फी, नंबरमध्ये व्हीए अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. आपली पहिली आरडी १९८३ ची, म्हणजे २०३३ च्या आधी विषय नाही. ज्याला दर रविवारी आंबोलीला जायचंय त्यानं साधं पासिंगच चालू ठेवावं.

कामाला सुरुवात कुठनं करायची?

शंभरातले नव्वद लोक टाकीच्या रंगापासनं सुरुवात करतात आणि इंजिनला पैसे उरत नाहीत. क्रम असा ठेवा: कागद, मग इंजिनचा खालचा भाग म्हणजे क्रँक, मग ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) आणि पिस्टन, मग ब्रेक, चिमटा (पुढचा फोर्क), शॉकअप, वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

खोलायच्या आधी फोटो काढा, भरपूर काढा. केबल कुठनं फिरलीय, कुठल्या जागी कुठला बोल्ट, वॉशर आत का बाहेर. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव.

आता क्रँक. टू-स्ट्रोकचा क्रँक एकसंध नसतो, दोन चाकं आणि मधली पिन प्रेसवर दाबून बसवलेली. कनेक्टिंग रॉडचा किट बदलायचा म्हणजे ते सगळं दाबून उघडायचं आणि परत बसवायचं, आणि परत बसवताना दोन्ही बाजू एका रेषेत आल्या पाहिजेत. आपलं नशीब म्हणजे बेळगावात उद्यमबाग आहे, फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव आहे हे, त्यामुळं लेथवर बसलेले हात इथं पिढ्यानपिढ्या आहेत. चांगल्या माणसाकडं एकदा हे काम उभं राहून बघा. तो क्रँक दोन सेंटरमध्ये धरतो, दोन्ही टोकांना डायल गेज टेकवतो, हळूच फिरवतो, काटा कुठं चढतो ते खडूनं खूण करतो आणि तांब्याच्या हातोड्यानं चाकाच्या त्याच जागी एक ठोका घालतो. परत फिरवतो. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत हलायला लागेपर्यंत त्याचं हेच चालू असतं, कुणाशी बोलत नाही, मान वर करत नाही. जिथं डायल गेज दिसत नाही आणि नुसतं "अंदाजानं बसतंय की" म्हणतात तिथनं क्रँक उचलून आणा. हे काम कच्चं राहिलं तर गाडी पन्नासच्या पुढं हँडलला मुंग्या आणते आणि बेअरिंग, सील सगळं परत जातंय.

सील नवीनच टाका, कुठल्या पण परिस्थितीत. ती स्वस्त असतात, आणि टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असेल तरच इंजिनला बरोबर मिश्रण मिळतं. आरडीला दोन सिलिंडर असल्यामुळं क्रँकच्या मध्ये पण एक सील असतं, ते दुर्लक्षून चालत नाही.

बोअर करताना काय लक्षात ठेवायचं?

आधी पिस्टन विकत घ्या, मग पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही मशीनवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो त्याच पिस्टनला माप धरून होनिंग (शेवटची बारीक घासाई) करतो. ओव्हरसाईझ ०.२५ मिमीच्या टप्प्यानं जातं, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. ब्लॉक शेवटच्या साईझला पोचलेला असेल तर पुढं स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी) बदलायची वेळ येते, म्हणून गाडी घेताना "कितवा बोअर चालू आहे" हे विचारायचं आणि पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा स्वतः बघायचा.

एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार होतात, त्या हलक्या हातानं गोल करून घ्यायला पाहिजेत, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते आणि नवीन ब्लॉकला ओरखडे पडतात. ब्लॉक घरी आणल्यावर आत बोट फिरवून बघा, पोर्टच्या कडेला कापल्यासारखं लागलं तर परत पाठवा.

त्याच दिवशी रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत सोडणारी, परत न येऊ देणारी पाकळ्यांची झडप) पण काढून ट्यूबलाईटसमोर धरा. पाकळ्या पूर्ण बसलेल्या पाहिजेत, फटीतनं प्रकाश दिसला किंवा कोपरा तुटलेला असला तर बदला. सकाळी चालू व्हायला त्रास आणि खालच्या आरपीएमला अडखळणं, यातली बरीच दुखणी कार्ब्युरेटरची नसून या पाकळ्यांची असतात.

ऑइल पंप ठेवू का बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळू?

यावरनं गॅरेजमध्ये भांडणं होतात. मेस्त्री लोक पंप बंद करायला सांगतात कारण जुना पंप कधी बंद पडेल याची त्यांना खात्री नसते, आणि पंप बंद पडला तर इंजिन गेलं. माझं म्हणणं, पंप चांगला असेल तर ठेवा. यामाहाची ऑटोल्यूब ही या गाडीतली फार विचारानं केलेली गोष्ट आहे, अॅक्सिलेटर जेवढा उघडाल तेवढंच ऑइल देते, धूर कमी, प्लग स्वच्छ. पंपाचे सील बदला, केबलची खूण जुळवा, नळीतली हवा काढा, आणि पहिली टाकी पंप चालू असताना पण थोडं ऑइल मिसळूनच चालवा, म्हणजे खात्री होईपर्यंत धोका नाही. पंप बंदच केलेला असेल तर लिटरला साधारण २५ ते ३० मिली, मापानं, अंदाजानं बाटली उपडी करून नाही. ऑइल घेताना डब्यावर जासो (जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी लिहिलंय का बघा.

आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं काही होतंय का?

होतंय. आपला जिल्हा उसाचा, इथेनॉल आपल्याच कारखान्यातनं जातंय आणि शेतकऱ्याला त्याचा फायदा पण आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या गाड्यांचे रबर आणि गॅस्केट त्या काळच्या पेट्रोलला धरून बनवलेत. २० टक्के इथेनॉलनं जुनी पेट्रोल नळी फुगते, कॉकचं (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचं) रबर मऊ पडतं, आणि मिश्रण थोडं पातळ होतं म्हणजे इंजिन जास्त तापतं. नळ्या आणि रबर नवीन, इथेनॉल सोसणारे टाका. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक पायरी वाढवून प्लगचा रंग बघा, विटकरी-तपकिरी पाहिजे, पांढरा पडला तर धोका. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवू नका.

पार्ट ओरिजिनल कसे ओळखायचे?

पॅकबंद जुना माल आता फार कमी उरलाय आणि स्टिकर-होलोग्रामसकट डुप्लिकेट आलेत. नुसत्या डब्यावर जाऊ नका, पार्ट हातात घ्या, वजन बघा, कास्टिंगची कड बघा, क्रोमखालचा पत्रा दाबून बघा. पिस्टन, रिंग, बेअरिंग, सील, क्लच प्लेट यात पैसे वाचवू नका. मडगार्ड, इंडिकेटर, शीटकव्हर यात चाललं तर चालतं.

आणि काढलेला मूळ पार्ट कधीच भंगारात टाकू नका, खराब असला तरी. मूळ मिकुनी कार्ब्युरेटर, मूळ सायलेन्सर, मूळ मीटर हे डुप्लिकेट नव्यापेक्षा दुरुस्त करून लावलेले बरे, आणि भावात पण फरक पडतो.

पावडर कोटिंग करू का साधा पेंट?

चेसीला पावडर कोटिंग टिकतं, विशेषतः आपल्या पावसात, पण ते जाड बसतं. मानेवरचा चेसी नंबर त्याच्याखाली बुजतो आणि पासिंगला प्रिंट निघत नाही. कोटिंगवाल्याला आधीच सांगून तिथं टेप लावून घ्या. टाकी आणि साईड पॅनेलला मूळ रंगच द्या, आरएक्सचा तो मोरपंखी निळा, चेरी लाल, काळा. मेटॅलिक जांभळा मारलेली आरएक्स विकायला काढल्यावर गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

मूळ रंग थोडा उडालेला पण शाबूत असेल तर हात लावू नका. पॉलिश करा, मेण लावा आणि सोडा.

गाडीची किंमत कशी ठरवायची?

ऑनलाईन दिसतो तो मागितलेला भाव. त्या भावाला गाडी विकली गेलीच असं नाही. तीच जाहिरात दोन महिन्यांनी परत दिसली तर समजायचं तो भाव खोटा.

मी आधी कागद बघतो, मालक जिवंत आणि समोर, आरसी त्याच्या नावावर, पासिंग चालू, नंबर जुळतात. यातली एकेक गोष्ट कमी झाली की भाव भराभर उतरतो. मग मूळपणा: टाकी, मडगार्ड, हेडलाईटचा डूम, मीटर, सायलेन्सर, हब, कार्ब्युरेटर यातलं किती त्याच गाडीचं आहे. त्याच्यानंतर इंजिनची हालत, कारण इंजिन पैसे टाकून नीट होतं पण मूळ मीटर पैसे टाकून पण मिळेलच असं नाही. चालू हालतीतली, रंग उडालेली, एकाच मालकाची आरएक्स ही नव्यानं चकाचक केलेल्या आरएक्सपेक्षा मला जास्त मोलाची वाटते, आणि जाणकार गिऱ्हाईक पण आता तसंच वागायलंय, कारण चकाचक रंगाच्या खाली काय दडलंय ते कुणालाच दिसत नाही.

"पहिल्या लॉटची, जपान इंजिन" असं सांगून जास्त मागणारे खूप. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये जपानहून आलेले भाग होते हे खरं, पण ते कास्टिंगवर आणि पार्टांवर दाखवता आलं पाहिजे, टाकीवरच्या स्टिकरला अर्थ नाही. आरडीत हाय टॉर्कला लो टॉर्कपेक्षा भाव जास्त, पण तिथं पण अर्धी हाय टॉर्क अर्धी लो टॉर्क अशा जोडलेल्या गाड्या फिरतात, म्हणून दोन्ही ब्लॉक आणि दोन्ही सायलेन्सर एकाच जातीचे आहेत का हे आरडी ओळखणाऱ्या मेस्त्रीला सोबत नेऊनच ठरवा.

तुम्ही घातलेला खर्च मात्र भावात पूर्ण परत येत नाही. मजुरी, चुकीचे आणलेले पार्ट, दोनदा केलेला रंग, हे गिऱ्हाईक मोजत नाही. पण बोअरची, क्रँकची, पार्टांची बिलं आणि खोलतानाचे फोटो एका फाईलमध्ये असतील तर घेणाऱ्याला आतलं काम दिसतं आणि तो फार घासाघीस करत नाही.

इन्शुरन्स आणि पीयूसी?

थर्ड पार्टी लागतोच. २०२२ ला ठरलेल्या दरानं ७५ ते १५० सीसीला ७१४ आणि १५० ते ३५० ला १३६६, वर जीएसटी, म्हणजे ३४७ सीसीची आरडी जेमतेम या दुसऱ्या गटात बसते. पूर्ण विमा पाहिजे तर पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुमच्या आणि कंपनीच्या संमतीनं ठरते, तिथं फोटो आणि ती बिलांची फाईल कामाला येते.

पीयूसीला लोक उगीच घाबरतात. मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साईड) ४.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ९००० पीपीएम एवढी सूट आहे. सील-रिंग बरोबर आणि सायलेन्सरमधली जाळी जागेवर असेल तर गाडी पास होते. आवाजासाठी जाळी काढून टाकलेली गाडी शिवाजीनगर-टिळकवाडीतल्या लोकांना पण नको आणि पोलिसांना पण, आणि पिकअप वाढतो ही समजूत पण चुकीची. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा आकार इंजिनच्या ट्यूनिंगचाच भाग असतो, तो बिघडला की मधली ताकद जाते.

पावसाळ्यात चार महिने गाडी उभी ठेवायची तर?

टाकी रिकामी करून आतनं थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल फिरवा, अर्धी मात्र ठेवू नका, अर्ध्या टाकीत वरचा पत्रा गंजतो. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत काही उरत नाही. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडा, हातानं दोन-तीन वेळा किक फिरवा, प्लग परत लावा. सायलेन्सरच्या तोंडाला कापड कोंबा, खानापूरकडं उंदीर त्यात घर करतात. गाडी मेन स्टँडवर, टायरखाली लाकडी फळी, वरनं सुती चादर, प्लास्टिक नको, त्याच्याखाली घाम सुटतो. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातनं एकदा चार्जिंगला लावा.